जुने खेळ, नवे यंत्र



तुमच्या अब्बांना, चाचांना किंवा मामूंना एकदा विचारून पाहा, "लहानपणी टीव्हीवर तुम्ही कोणता गेम खेळत होता?" १९९० नंतरच्या दहा वर्षांत जे लहानाचे मोठे झाले, त्यांच्यापैकी पुष्कळजण हसतील आणि कॅसेटवाल्या गेमची गोष्ट सांगू लागतील. टीव्हीला जोडायचा एक प्लॅस्टिकचा डबा, त्यातून निघालेल्या दोन वायरी, वायरींच्या टोकांना दोन कंट्रोलर आणि डब्यावरच्या खाचेत खोचायची एक जाड कॅसेट. गेम चालला नाही, की कॅसेट बाहेर काढायची, तिच्यात जोराने फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची.

तो डबा आज कुठे आहे, असेही विचारा. बहुधा उत्तर मिळेल, "बिघडला आणि भंगारात गेला." यंत्र जुने होते, बिघडते, भंगारात जाते. पण यंत्राबरोबर त्याच्यावर चालणारे खेळही गेलेच पाहिजेत का? ते खेळ आजच्या यंत्रावर चालवता येतील का? घरच्या घरी असे यंत्र कसे तयार करावे आणि ते अडले तर बिघाड कसा शोधावा, हे आपण या पाठात पाहू.

मूळ यंत्र कसे होते?

जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' नावाचे खेळाचे यंत्र बाजारात आणले. १९८५ मध्ये तेच यंत्र थोड्या वेगळ्या रूपात 'निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम' या नावाने अमेरिकेत गेले. आपल्याकडे १९९० नंतर जे डबे घरोघरी दिसू लागले, त्यांतील बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या.

आपण जिला कॅसेट म्हणत होतो, तिच्यात गाण्याच्या कॅसेटसारखी फीत नव्हती. आत एक लहान पट्टी आणि तिच्यावर बसवलेल्या चिपा होत्या. या चिपांमध्ये खेळ कायमचा नोंदवलेला असे. तो वाचता येई, पण बदलता येत नसे. म्हणून अशा चिपेला 'रॉम' म्हणतात. रॉम म्हणजे केवळ वाचता येणारी स्मृती.

हे खेळ आकाराने किती लहान होते, याचे नवल वाटते. १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा प्रसिद्ध खेळ फक्त ४० किलोबाइट जागेत मावला होता. आज मोबाइलने काढलेला एक फोटो सहज २,००० किलोबाइटचा असतो. म्हणजे एका फोटोच्या जागेत असे ५० खेळ बसतील! त्या यंत्राची कामचलाऊ स्मृतीही फक्त २ किलोबाइटची होती. त्याचा मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांच्या गतीने चालत असे. पडद्यावरचे चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचे असे. एवढ्याशा सामग्रीत चित्र, रंग, संगीत आणि खेळ बसवायचा, म्हणजे त्या काळच्या आज्ञावलीकारांना एकेका बाइटचा हिशेब ठेवावा लागत असे.

आता फुंकर मारण्याविषयी. फुंकर मारल्याने गेम चालू होतो, अशी सर्वांची खात्री होती. खरे म्हणजे कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे तिच्या धातूच्या पट्ट्या खाचेतील टोकांना नीट टेकत आणि गेम चालू होई. फुंकरीतील ओलाव्याने मात्र त्या पट्ट्या हळूहळू गंजत. म्हणजे ज्याला आपण औषध समजत होतो, तोच आजार वाढवत होता! बिघाड शोधताना ही गोष्ट लक्षात ठेवा. उपाय केल्यावर यंत्र चालू झाले, एवढ्यावरून तोच उपाय लागू पडला, असे सिद्ध होत नाही.

खेळ जपायचे कशासाठी?

खाचेतील टोके वाकतात. यंत्रातील काही भाग वर्षानुवर्षांनी सुकतात. काही कॅसेटींत खेळाडूची प्रगती साठवण्यासाठी लहानशी बॅटरी असे. अमेरिकेत १९८७ साली आलेली 'द लेजंड ऑफ झेल्डा'ची कॅसेट अशीच होती. बॅटरी संपली, की साठवलेला खेळही पुसला जातो.

जुने खेळ विकत घेऊ म्हटले, तर तेही सोपे नाही. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी शेकडा १३ खेळच आता बाजारात मिळतात, असे तिच्यात आढळले. उरलेले शेकडा ८७ खेळ पाहायचे, तर जुनी यंत्रे आणि जुन्या कॅसेटी शोधाव्या लागतात. खेळ हे करमणुकीचे साधन असते, तसेच ते त्या काळच्या चित्रकारांचे, संगीतकारांचे आणि तंत्रज्ञांचे कामही असते. ते काम नाहीसे होऊ द्यायचे की नाही, हा साधा प्रश्न नाही.

मधला दुभाषी

आजच्या संगणकाला जुन्या यंत्राची भाषा कळत नाही. मग जुना खेळ त्याच्यावर चालतो कसा?

समजा, मालेगावच्या एका आजींना साताऱ्याच्या डॉक्टरांना आपल्या दुखण्याविषयी कळवायचे आहे. आजींनी पत्र उर्दूत लिहिले आहे. डॉक्टरांना फक्त मराठी येते. मध्ये तुम्ही बसता. पत्रातले एक वाक्य उर्दूत वाचता आणि त्याचा अर्थ मराठीत सांगता. मग दुसरे वाक्य, मग तिसरे. आजींच्या पत्रातला एक शब्दही तुम्ही बदलत नाही आणि डॉक्टरांनाही उर्दू शिकावी लागत नाही. तुमच्यामुळे दोघांचे काम होते. असे काम करणाऱ्याला उर्दूत तर्जुमान म्हणतात, मराठीत दुभाषी म्हणतात.

संगणकातील अशा दुभाष्याला 'इम्युलेटर' म्हणतात. खेळ म्हणजे आजींचे पत्र. आजचा संगणक म्हणजे डॉक्टर. इम्युलेटर ही एक आज्ञावली आहे. ती खेळातील एकेक आज्ञा वाचते, ती आज्ञा मिळाल्यावर जुन्या यंत्राने काय केले असते ते ठरवते आणि नव्या संगणकाकडून नेमके तेवढेच करून घेते. खेळाला वाटते, की आपण आपल्या जुन्याच घरात आहोत.

या दुभाष्याला उसंत मात्र मिळत नाही. मूळ यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत असे. म्हणजे एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग एवढाच वेळ. तेवढ्यात मुख्य प्रोसेसरच्या आज्ञा, चित्र काढणाऱ्या चिपेचे काम आणि आवाज, या तिन्हींचा अनुवाद पुरा झाला पाहिजे आणि तिघांचे पाऊल एकाच वेळी पडले पाहिजे. त्यांतही चित्राची चिप मुख्य प्रोसेसरच्या तिप्पट गतीने चालत असे. जुन्या यंत्राच्या एका आज्ञेसाठी नव्या संगणकाला अनेक आज्ञा पार पाडाव्या लागतात. म्हणून नवा संगणक जुन्यापेक्षा कितीतरी पट वेगवान असावा लागतो.

इम्युलेटरची कल्पना खेळांसाठी निघाली नव्हती. आयबीएम या कंपनीने १९६४ साली 'सिस्टिम ३६०' हे नवे संगणक जाहीर केले. ज्यांच्याकडे कंपनीचे जुने '१४०१' संगणक होते, त्यांच्या आज्ञावली वाया जाऊ नयेत, म्हणून नव्या संगणकात जुन्यासारखे वागण्याची सोय केलेली होती. पुढे हीच कल्पना खेळांच्या कामी आली. १९९७ साली इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी 'मेम' नावाचा इम्युलेटर प्रसिद्ध केला. नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांतील खेळ जपणे, हा त्याचा हेतू आहे. पुढे अनेक देशांतील तंत्रज्ञांनी त्यात भर घातली.

कोणते सामान लागेल?

उदाहरण म्हणून आपण 'रास्पबेरी पाय ४' हा लहान संगणक घेऊ. मुलांना संगणक शिकणे सोपे आणि स्वस्त व्हावे, म्हणून इंग्लंडमधील केंब्रिज येथे रास्पबेरी पाय तयार झाला. त्याचा पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. चौथी आवृत्ती जून २०१९ मध्ये आली. हा बोर्ड जवळजवळ ओळखपत्राएवढा असतो. त्याचा प्रोसेसर सेकंदाला १५० कोटी ठोक्यांच्या गतीने चालतो आणि त्यात असे चार प्रोसेसर एकत्र असतात.

बोर्डाशिवाय पुढील वस्तू लागतात : ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारा चांगला ॲडॉप्टर, १६ किंवा ३२ गिगाबाइटचे मायक्रो एसडी कार्ड, टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल, यूएसबी कंट्रोलर आणि बोर्ड झाकायला एक पेटी. या बोर्डावरची एचडीएमआयची खाच लहान, म्हणजे मायक्रो आकाराची असते. केबल घेताना तिचे एक टोक त्या मापाचे आहे, हे पाहून घ्या.

हा बोर्ड तुमच्याकडे नसेल, तर नाराज होऊ नका. घरी किंवा शाळेत एखादा जुना संगणक असेल, तर त्याच्यावरही 'रेट्रोआर्च'सारखा मोफत इम्युलेटर चालतो. पुढे सांगितलेली बिघाड शोधण्याची रीत तेथेही उपयोगी पडेल. शाळेच्या संगणकावर काही करायचे असेल, तर आधी शिक्षकांची परवानगी घ्या.

बोर्ड म्हणजे केवळ शरीर. त्याला चालवणाऱ्या आज्ञावलीही हव्यात. 'रेट्रोपाय' हे अशा आज्ञावलींचे एक मोफत गाठोडे आहे. त्यात तळाशी संगणकाचा कारभार पाहणारी आज्ञावली असते. तिच्यावर 'इम्युलेशनस्टेशन' असते. ते पडद्यावर यंत्रांची आणि खेळांची यादी दाखवते. तुम्ही खेळ निवडला, की प्रत्यक्ष दुभाष्याचे काम बहुतेक वेळा 'रेट्रोआर्च' करते. कोणत्या वेळी कोण काम करते, हे माहीत असले, की बिघाड कोणाकडे आहे ते लवकर कळते.

जोडणी अशी करा

१. दुसऱ्या संगणकावर रेट्रोपायच्या संकेतस्थळावरून आपल्या बोर्डासाठी असलेली फाइल उतरवून घ्या. 'पाय ३'साठी केलेली फाइल 'पाय ४'वर चालेल, असे समजू नका.

२. ही फाइल 'रास्पबेरी पाय इमेजर' या आज्ञावलीने कार्डावर लिहा. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. लिहिताना कार्डावरचे सर्व काही पुसले जाते. म्हणून आपण कार्डच निवडले आहे, संगणकाला लावलेली दुसरी एखादी डिस्क नाही, हे दोनदा पाहा.

३. कार्ड बोर्डात घाला. एचडीएमआय केबल वीजखाचेच्या जवळच्या खाचेत लावा. कंट्रोलर जोडा. टीव्ही आधी सुरू करा आणि बोर्डाला वीज सर्वांत शेवटी द्या.

४. पडद्यावर सूचना येईल. कंट्रोलरचे एक बटण दाबून धरा. मग प्रत्येक दिशेसाठी आणि कामासाठी कोणते बटण, हे यंत्राला सांगा. जे बटण तुमच्या कंट्रोलरवर नाही, त्याच्या वेळी कोणतेही बटण थोडा वेळ दाबून धरले, की यंत्र पुढे जाते.

५. एका पेन ड्राइव्हवर 'रेट्रोपाय' नावाचा फोल्डर इंग्रजी लहान अक्षरांत तयार करा आणि पेन ड्राइव्ह बोर्डाला लावा. त्याचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा. आता त्या फोल्डरमध्ये प्रत्येक जुन्या यंत्राच्या नावाचा फोल्डर तयार झालेला असेल. योग्य फोल्डरमध्ये खेळाची फाइल ठेवा, पेन ड्राइव्ह पुन्हा लावा आणि शेवटी इम्युलेशनस्टेशन पुन्हा सुरू करा. खेळ यादीत दिसेल.

खेळातून बाहेर पडण्यासाठी 'सिलेक्ट' आणि 'स्टार्ट' ही बटणे एकत्र दाबतात.

खेळ कुठून आणायचे?

येथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. इम्युलेटर तयार करणे आणि वापरणे ही चोरी नव्हे. कनेक्टिक्स या कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनसारखा वागणारा इम्युलेटर तयार केला, तेव्हा सोनीने तिला न्यायालयात खेचले. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. सोनीच्या यंत्राचा अभ्यास करण्यासाठी त्याच्या आज्ञावलीची नक्कल करणे योग्य वापरात बसते, असे न्यायालयाने मानले.

खेळाची गोष्ट वेगळी आहे. खेळ जुना झाला, म्हणून तो बेवारस होत नाही. पुस्तकाप्रमाणे त्याच्यावरही कोणाचा तरी हक्क असतो. आपल्या देशातही १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. इंटरनेटवर फुकट मिळते, म्हणून ते आपले झाले, असे नाही. ती दुसऱ्याची अमानत आहे.

मग खेळायचे काय? आजही हौशी लोक त्या जुन्या यंत्रासाठी नवे खेळ लिहितात. 'थ्वेट' आणि 'नोव्हा द स्क्विरल' हे असेच खेळ आहेत. त्यांच्या लेखकांनीच ते सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. सुरुवात अशा खेळांनी करा.

बिघाड झाला तर?

चांगला हकीम रोगी आला, की लगेच औषध देत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, "केव्हापासून दुखते?" असे विचारतो. यंत्राच्या बाबतीतही तसेच करा. तीन नियम पाळा. पहिला, आधी नीट पाहा, मग हात लावा. दुसरा, एका वेळी एकच गोष्ट बदला. तिसरा, काय केले आणि काय झाले, ते वहीत लिहा. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर चारांपैकी कोणती कारणीभूत होती, हे कधीच कळणार नाही. तुम्ही पुन्हा फुंकरच मारत बसाल!

शोधाचा क्रमही ठरलेला असावा : वीज, कार्ड, पडदा, कंट्रोलर आणि शेवटी खेळाची फाइल.

बोर्डावर दोन लहान दिवे असतात. लाल दिवा वीज आल्याचे सांगतो. हिरवा दिवा कार्ड वाचले जात असताना लुकलुकतो. लाल दिवा लागला नाही, तर ॲडॉप्टर आणि केबल तपासा. लाल लागला पण हिरवा लुकलुकत नाही, तर कार्ड वाचले जात नाही. कार्ड काढून नीट बसवा. तरीही तेच झाले, तर फाइल पुन्हा लिहा. मग दुसरे कार्ड घेऊन पाहा.

दोन्ही दिवे ठीक आहेत, पण पडदा काळाच आहे? टीव्हीवर योग्य इनपुट निवडले आहे का, ते पाहा. केबल वीजखाचेजवळच्या खाचेत आहे का, तेही पाहा.

खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसते का? याचा अर्थ बोर्डाला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टपेक्षा कमी झाला आहे. येथे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील ओहमचा नियम कामी येतो. समजा, केबल बारीक व लांब आहे आणि तिचा रोध ०.२ ओहम आहे. तिच्यातून २.५ अँपिअर प्रवाह जात असेल, तर केबलमध्येच ०.२ × २.५ = ०.५ व्होल्ट खर्च होतो. ॲडॉप्टरमधून ५.१ व्होल्ट निघाले, पण बोर्डाला ४.६ व्होल्टच मिळाले. ॲडॉप्टर चांगला असूनही यंत्र अडखळते, ते यामुळे. जाड आणि आखूड केबल लावा. मोबाइलचा कोणताही चार्जर चालेल, असे समजू नका.

बोर्ड तापला, तरी खेळ मंदावतो. त्याच्या प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की तो स्वतःच आपली गती कमी करू लागतो. बोर्ड बंद कपाटात ठेवू नका. उष्णता बाहेर टाकणारी धातूची चकती किंवा लहान पंखा लावा.

खेळ यादीत दिसत नसेल, तर फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये असेल किंवा यादी पुन्हा सुरू केलेली नसेल. खेळ निवडताच यंत्र परत यादीवर येत असेल, तर फाइल अपुरी किंवा बिघडलेली असू शकते. प्लेस्टेशनसारख्या काही यंत्रांना खेळाबरोबर मूळ यंत्राची सुरुवातीची आज्ञावलीही लागते. ती नसेल, तरी असेच होते. 'मेम'च्या बाबतीत खेळाची फाइल इम्युलेटरच्या आवृत्तीशी जुळणारी असावी लागते.

आवाज येत नसेल, तर तो टीव्हीऐवजी हेडफोनच्या खाचेकडे पाठवला जात असेल. मेनूमध्ये जाऊन वाट बदला. खेळ आणि संगीत दोन्ही सारखेच संथ वाटत असतील, तर खेळ कोणत्या देशासाठी केला होता, ते पाहा. जपान व अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढत. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन सुरू झाले, ते युरोपातील अनेक देशांप्रमाणे ५० वेळा चित्र काढणाऱ्या पद्धतीचे होते. ६० च्या मापाने लिहिलेला खेळ ५० च्या गतीने चालवला, तर तो सहाव्या हिश्शाने संथ होतो. असा फरक बिघाड नसून पद्धतीतला फरक असतो.

बटण दाबल्यावर खेळातील माणूस उशिरा उडी मारतो का? तेव्हा कंट्रोलरवर राग काढू नका. नवे टीव्ही चित्र सजवण्यात थोडा वेळ घालवतात. टीव्हीच्या मेनूमध्ये 'गेम मोड' असेल, तर तो सुरू करा. ही सजावट कमी होते आणि उशीरही कमी होतो.

आता एक उदाहरण तुम्हीच सोडवा. खेळ रोज दहा मिनिटे चालतो आणि मग थांबतो. संशयित तीन आहेत : खेळाची फाइल, उष्णता आणि वीज. आधी दुसरा खेळ चालवून पाहा. तोही दहा मिनिटांनी थांबला, तर पहिल्या खेळाच्या फाइलवरचा संशय कमी होतो. मग पेटीचे झाकण काढून बोर्डावर पंख्याचा वारा येऊ द्या. आता खेळ अर्धा तास चालला, तर उष्णतेकडे बोट दाखवता येईल. पण थांबा! झाकण पुन्हा लावून, पंखा बंद करून पाहा. खेळ परत दहा मिनिटांनी थांबला, तरच तुमचा निष्कर्ष पक्का. वारा असूनही तो थांबला असता, तर पाळी विजेची होती. तेव्हा ॲडॉप्टर बदलून पाहायचा.

वीज गेली तर?

यंत्र बंद करताना सरळ प्लग काढू नका. रेट्रोआर्च खेळातील प्रगती साधारणपणे खेळातून बाहेर पडताना कार्डावर लिहिते. मध्येच वीज तोडली, तर ती प्रगती जाते. कार्डावर लिहिणे चालू असतानाच वीज गेली, तर कार्डावरील फाइलींची व्यवस्थाच बिघडू शकते आणि यंत्र सुरूही होत नाही. म्हणून आधी खेळातून बाहेर या, मेनूतून यंत्र बंद करा, हिरवा दिवा शांत होऊ द्या आणि मग खटका बंद करा.

एवढे करूनही वीज केव्हा जाईल, ते आपल्या हातात नाही. यंत्र एकदा नीट चालू झाले, की कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवा. कार्ड खराब झाले, तर अर्ध्या तासात नवे कार्ड तयार होते. प्रत नसेल, तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. घरात एकच किल्ली ठेवणारा माणूस कधी ना कधी दाराबाहेर उभा राहतो.

मित्रांनो, शेवटी एक गोष्ट सांगायची आहे. जुन्या यंत्राची आतली रचना त्याच्या कंपनीने सर्वांना सांगितली नव्हती. हौशी तंत्रज्ञांनी यंत्रे उघडली, चिपांची कामे तपासली, चुकले तेथे पुन्हा मोजले आणि जे कळले ते लिहून ठेवले. त्या लिहिलेल्या माहितीतूनच इम्युलेटर तयार झाले. ज्यांनी फक्त आठवण ठेवली, त्यांची माहिती त्यांच्याबरोबर संपली. म्हणून तुमच्या यंत्राची वही करा. कोणता बोर्ड, कोणती केबल, कोणत्या तारखेला काय बिघडले आणि काय केल्यावर सुधारले, हे तिच्यात मांडा. पुढच्या वर्षी तेच यंत्र तुमच्या धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या हातात जाईल. तेव्हा त्यांना फुंकर मारावी लागणार नाही. ते वही उघडतील.